कोलेस्टेरॉल ‘वयाच्या मानाने ठीक’ असतं का?

नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या नाळेतलं रक्त तपासलं, तर त्यात एकूण कोलेस्टेरॉल साधारण ७० आणि एलडीएल ३०च्या आसपास सापडतं. (एकक रिपोर्टवरचं नेहमीचंच, प्रति डेसिलिटर मिलिग्रॅम. पुढचे सगळे आकडे त्याच एककात आहेत.) तोच माणूस पन्नाशीत लॅबमधून लिपिड प्रोफाइलचा कागद घेऊन येतो, तेव्हा एलडीएल १२०, १३०, कधी १४० असतं आणि पुष्कळदा त्यावर शेरा मिळतो, ‘वयाच्या मानाने ठीक आहे.’ पुढे ऐंशीच्या घरात हाच आकडा आपोआप उतरू लागतो आणि घरच्यांना हायसं वाटतं. या सगळ्या वर्षांत रक्तात काय घडतं, ते का घडतं आणि ‘वयाच्या मानाने’ या शब्दांवर किती विसंबावं, यावर गेल्या पाऊणशे वर्षांत भरपूर संशोधन झालं आहे. ते सलग वाचल्यावर माझं मत असं झालं आहे, की तरुणपणी आणि मध्यमवयात चढणारा आकडा आपण फार सहज सोडून देतो आणि म्हातारपणी उतरणाऱ्या आकड्याकडे पुरेसं लक्ष देत नाही.

आधी थोडी ओळख करून घेऊ. चरबी पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून ती प्रथिनांच्या वेष्टनात बांधलेल्या सूक्ष्म कणांमधून फिरते. यातले एलडीएल कण कोलेस्टेरॉल पेशींपर्यंत नेतात. त्यांची संख्या जास्त असली आणि ते रक्तात जास्त काळ रेंगाळले, तर धमनीच्या अस्तरात शिरून अडकतात. एचडीएल कण उलट वाटेने कोलेस्टेरॉल यकृताकडे आणतात. ट्रायग्लिसराइड ही मुख्यतः इंधनाची चरबी असते, जेवणानंतर ती वाढते आणि काही तासांत ओसरते. एलडीएल रक्तातून उचलण्याचं मोठं काम यकृताच्या पेशींवरचे रिसेप्टर करतात. अमेरिकेत डॅलस इथे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७०च्या दशकात हे रिसेप्टर शोधले आणि १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. पेशींची गरज भागायला रक्तात २५च्या आसपास एलडीएल पुरतं, असा त्यांचा हिशेब होता. तो नाळेच्या रक्तातल्या आकड्याशी जवळपास जुळतो. शरीराची सगळ्यात वेगवान वाढ होते त्या काळात बाळ इतक्याच एलडीएलवर असतं, ही गोष्ट पुढचं सगळं वाचताना लक्षात ठेवावी.

जन्मानंतर आकडा भराभर चढतो. आईच्या दुधात चरबी आणि कोलेस्टेरॉल भरपूर असतं, आणि पहिल्या दोन वर्षांतच बाळाची पातळी पुष्कळ वर जाऊन मग स्थिरावते. पाश्चात्त्य देशांतल्या दहा वर्षांच्या मुलांमध्ये एकूण कोलेस्टेरॉल सरासरी १५० ते १६०च्या दरम्यान आढळत आलं आहे. त्यानंतर मात्र एक वळण येतं, आणि त्याची माहिती पालकांना सहसा नसते. वयात येताना एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल दोन्ही तात्पुरते दहा ते वीस टक्क्यांनी उतरतात. मुलग्यांमध्ये याच सुमाराला एचडीएलही कमी होतं, आणि बायकांचं एचडीएल पुरुषांपेक्षा दहाएकाने जास्त असण्याचा फरक इथून सुरू होऊन आयुष्यभर टिकतो. लुईझियानातल्या बोगालुसा गावात जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७३ साली मुलांच्या पिढ्यांचा पाठपुरावा सुरू केला. बालवयातल्या चरबीबद्दल आपल्याला जे कळलं आहे, त्यातलं पुष्कळसं तिथून आलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेच्या तज्ज्ञगटाने २०११ साली सगळ्या मुलांची तपासणी ९ ते ११ आणि पुन्हा १७ ते २१ या वयांत करावी असं सांगितलं. मधली वर्षं वगळण्यामागे हाच उतार आहे. चौदाव्या वर्षी केलेली तपासणी खोटा दिलासा देऊ शकते, विशेषतः ज्या घरात कोणाला चाळिशीत हृदयविकाराचा झटका आला असेल तिथे.

विशीनंतर मोठी चढण सुरू होते. पुरुषांमध्ये विशीपासून पन्नाशीपर्यंत एलडीएल सलग वाढतं. अमेरिकेत १९७०च्या दशकात झालेल्या मोठ्या पाहण्यांत ही वाढ ३० ते ४०ची होती. पन्नाशीनंतर ती थबकते, काही वर्षं आकडा सपाट राहतो आणि मग हळूहळू उतरतो. ट्रायग्लिसराइडही पुरुषांत चाळिशी-पन्नाशीपर्यंत चढतं आणि नंतर कमी होतं. बायकांमध्ये ते साठी-सत्तरीपर्यंत चढतच राहतं.

ही वाढ का होते? खाणं वाढतं आणि पोट सुटतं, हे उत्तर खरं असलं तरी अपुरं आहे. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी १९८०च्या मध्यापासून दहाएक वर्षं या प्रश्नाचा चिकाटीने पाठपुरावा केला. यकृत कोलेस्टेरॉलचं रूपांतर पित्ताम्लांत करतं, आणि शरीरातून कोलेस्टेरॉल बाहेर पडण्याची ती मोठी वाट आहे. वय वाढतं तसं हे रूपांतर मंदावतं, असं त्यांना दिसलं. नंतर त्यांनी निरोगी तरुण आणि वृद्ध पुरुषांमध्ये एलडीएल कणांचा प्रवास मोजला. वृद्धांच्या रक्तातून ते कण अधिक सावकाश उचलले जात होते. त्यानंतर वाढीच्या संप्रेरकाशी, म्हणजे ग्रोथ हॉर्मोनशी, याचा संबंध जुळला. यकृतावरचे एलडीएल रिसेप्टर पुरेसे राहायला हे संप्रेरक लागतं आणि त्याचं स्रवणं तरुणपणापासूनच घटत जातं. विहिरीचा झरा तेवढाच राहिला आणि उपसा कमी झाला तरी पाणी चढतं, तशी मध्यमवयातली ही चढण आहे. म्हणूनच ‘मी तर तेच खातो जे दहा वर्षांपूर्वी खात होतो’ ही रुग्णाची तक्रार खोटी नसते. तेच खाणं आता मंदावलेल्या यकृताच्या वाट्याला येतं.

जेवणानंतरची चरबी ओसरण्याचंही असंच होतं. वयस्क माणसाच्या रक्तातून जेवणानंतरचे चरबीयुक्त कण जायला तरुणापेक्षा जास्त वेळ लागतो. कंबरेचा घेर वाढलेला असेल आणि इन्शुलिनचं काम नीट होत नसेल, तर आणखी वेळ लागतो. उपाशीपोटी काढलेल्या रक्तात ही गोष्ट दिसत नाही.

पण हे सगळं अटळ आहे का? इथे आकडे गोळा करण्याच्या पद्धतीचा एक प्रश्न येतो. एकाच वर्षी वीस, चाळीस आणि साठ वर्षांच्या माणसांची तपासणी केली, तर त्यांच्यातला सगळा फरक वयामुळेच आहे असं म्हणता येत नाही. साठीची माणसं वेगळ्या काळात वाढली, वेगळं तेल-तूप खाल्लं, वेगळी कामं केली. गेल्या चाळीसएक वर्षांत तर देशांचे देश बदलले. २०२० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासात १९८० ते २०१८ या काळातली दहा कोटींहून अधिक माणसांची मोजमापं होती. पश्चिमेच्या श्रीमंत देशांत एचडीएल वगळता उरणारं कोलेस्टेरॉल स्पष्टपणे घटलं होतं, पूर्व आणि आग्नेय आशियात ते वाढलं होतं. म्हणजे एका माणसाच्या आयुष्यात आकडा चढत असताना त्याचा अख्खा समाज वर किंवा खाली सरकत असतो. त्यामुळे तीच माणसं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासणारे अभ्यासच या विषयात खरे भरवशाचे ठरतात.

बोलिव्हियाच्या जंगलपट्ट्यातल्या त्सिमाने लोकांचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. शेती, मासेमारी, शिकार आणि दिवसभराची पायपीट हे त्यांचं जगणं. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांच्या हृदयाच्या धमन्यांचा अभ्यास आला. सातशेहून अधिक प्रौढांचं सरासरी एलडीएल ९०च्या आसपास होतं. ८५ टक्के लोकांच्या धमन्यांत कॅल्शियमचा थर अजिबात नव्हता, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांतही जवळपास दोनतृतीयांश जणांच्या धमन्या तशाच स्वच्छ होत्या. त्यांचं एचडीएल तर ४०च्या घरात, म्हणजे आपल्याकडे रिपोर्टवर ठळक अक्षरात ‘कमी’ छापून येईल असं होतं. वयाचा परिणाम त्यांच्यावरही होतोच, पण तो आपल्याकडे दिसतो त्या आकड्यांपर्यंत पोचत नाही.

तरीही वैद्यकशास्त्राने फार काळ वयाची सवलत दिली. १९८४ साली अमेरिकेत भरलेल्या राष्ट्रीय परिषदेने एकूण कोलेस्टेरॉलची धोक्याची पहिली पायरी विशीतल्यांना २००, तिशीतल्यांना २२० आणि चाळिशीच्या पुढे २४० अशी ठरवली. समाजात त्या वयाला जे आढळतं त्याच्या आधाराने हे आकडे बेतले होते. चारच वर्षांनी, १९८८ साली, राष्ट्रीय कोलेस्टेरॉल कार्यक्रमाने ही पद्धत सोडून सगळ्या प्रौढांसाठी २००ची एकच पायरी ठेवली. कागदावरची सवलत तेव्हाच संपली, बोलण्यातली अजून संपलेली नाही. ज्या समाजात पन्नाशीच्या बहुतेकांच्या धमन्यांत थर साचलेले असतात, तिथली पन्नाशीची सरासरी निरोगीपणाचं माप होऊ शकत नाही. ‘वयाच्या मानाने ठीक’ या शेऱ्याला माझा आक्षेप आहे तो एवढ्यासाठीच.

थर साचायला सुरुवातही आपण समजतो त्याच्या कितीतरी आधी होते. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची शवविच्छेदनं १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्यांचं सरासरी वय २२ होतं, आणि ७७ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत आजाराच्या खुणा नुसत्या डोळ्यांना दिसत होत्या. पुढे २००६ साली याच गोष्टीची दुसरी बाजू समोर आली. काही माणसांमध्ये पीसीएसके९ या प्रथिनाचं जनुक जन्मतःच निकामी असतं. हे प्रथिन एलडीएल रिसेप्टर नष्ट करण्याचं काम करतं, त्यामुळे अशा माणसांचे रिसेप्टर जास्त टिकतात आणि एलडीएल जन्मभर कमी राहतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत असं जनुक असलेल्यांचं एलडीएल २८ टक्क्यांनी, म्हणजे ३८ने कमी होतं, आणि त्यांना हृदयधमनीच्या आजाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी निघाला. असे लोक थोडे होते, त्यामुळे तो आकडा जपून घ्यावा. पण गोऱ्यांमधल्या तशाच एका बदलाने एलडीएल १५ टक्के आणि धोका ४७ टक्क्यांनी कमी झालेला दिसला, तेव्हा दिशेबद्दल शंका उरत नाही. स्टॅटिन गोळ्यांनी एलडीएल जवळपास तेवढ्याच, ३९ने उतरवलं, तर चार-पाच वर्षांच्या चाचण्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण साधारण एक पंचमांशाने घटतं. दोन्हींकडे एलडीएलमधला फरक जवळपास सारखाच होता. फायद्यात एवढं अंतर पडलं, कारण एकाकडे तो फरक जन्मापासून होता आणि दुसऱ्याकडे साठीच्या सुमाराला आला. धमनी आजचा आकडा मोजत नाही, तिच्यावर वर्षांचा भार साचत जातो. तिशीत १४० एलडीएल घेऊन फिरणारा माणूस सत्तरीतल्या १४०वाल्यापेक्षा आज सुरक्षित असतो हे खरं, पण त्याच्यासमोर तो भार वाहायला चाळीस वर्षं पडलेली असतात.

बायकांचा आलेख वेगळा चालतो आणि त्यावर अधिक थांबायला हवं, कारण आपल्याकडे तो सगळ्यात कमी वाचला जातो. पाळी सुरू असते तोवर बाईचं एलडीएल त्याच वयाच्या पुरुषापेक्षा सहसा कमी राहतं. इस्ट्रोजेन यकृतावरचे रिसेप्टर वाढवतं, हे त्याचं एक मोठं कारण. पाळी जाते तेव्हा हा आधार निघून जातो. बाईचं एलडीएल पुरुषाच्या बरोबरीला येतं आणि पंचावन्न-साठीच्या पुढे त्याला ओलांडतं. ही वाढ वयाची की पाळी जाण्याची, हा वाद बराच काळ होता. अमेरिकेत १९९०च्या मध्यापासून चाललेल्या ‘स्वान’ या अभ्यासाने तो बराचसा मिटवला. त्यातल्या १,०५४ बायकांची माहिती शेवटच्या पाळीच्या तारखेभोवती मांडून २००९ साली प्रसिद्ध झाली. रक्तदाब, साखर या गोष्टी वयाबरोबर सरळ रेषेत बदलत होत्या. एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल आणि एलडीएल कणांवरचं प्रथिन अपोबी यांनी मात्र शेवटच्या पाळीच्या आधी एक वर्ष ते नंतर एक वर्ष या अवधीत ठळक उडी घेतली होती. पंचेचाळिशीत केलेली तपासणी चांगली आली म्हणून बाई निर्धास्त राहते आणि पुढची तपासणी साठीत होते. उडी नेमकी या दोन तारखांच्या मधे येऊन जाते.

मग बाहेरून इस्ट्रोजेन देऊन ही उडी थोपवावी, असा विचार पुढे आला आणि बरीच वर्षं तशी औषधं दिली गेली. १९९८ साली ‘हर्स’ या चाचणीत हृदयविकार असलेल्या २,७६३ बायकांना संप्रेरकं किंवा खोटी गोळी देण्यात आली. संप्रेरकं घेणाऱ्यांचं एलडीएल ११ टक्के उतरलं, एचडीएल १० टक्के चढलं, पण हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. २००२ साली ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ची दोन संप्रेरकांची चाचणी धोके दिसल्यामुळे मधेच थांबवावी लागली. रिपोर्ट सुधारला म्हणजे माणूस सुधारला असं नसतं, हे या दोन चाचण्यांनी दाखवलं. पाळी जातानाचा त्रास कमी करायला ही औषधं आजही दिली जातात, पण हृदय जपण्यासाठी ती दिली जात नाहीत.

भारतात पाळी पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी, साधारण ४६-४७व्या वर्षी जाते. म्हणजे ही उडीही आधी येते. याच्याही आधी ती ज्यांच्यावर लादली गेली, अशा बायका आपल्या बीड जिल्ह्यात आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या मजूर बायकांची गर्भाशयं कोवळ्या वयात काढली गेल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अशा शस्त्रक्रियेत बीजांडंही काढली गेली तर इस्ट्रोजेन एका दिवसात थांबतं. ती ठेवली तरी पाळी जाण्याची अवस्था लवकर येण्याची शक्यता वाढते. तिशी-पस्तिशीत हे घडलेल्या बाईच्या रक्तातली चरबी पन्नाशीच्या बाईसारखी वागू लागते, आणि तिच्यासमोर आयुष्य त्याहून पंधरा-वीस वर्षं जास्त असतं. या प्रकरणाची चर्चा शस्त्रक्रियेच्या गैरवापरापाशी थांबली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या बायकांची पुढची तीस-चाळीस वर्षं सरकारी आरोग्यसेवेची जबाबदारी आहेत, आणि दरवर्षीचा रक्तदाब, साखर व लिपिड प्रोफाइल हा त्या जबाबदारीचा अगदी किमान भाग आहे.

भारतीयांच्या चरबीचा तोंडवळाही वेगळा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या लोकांची तपासणी झाली. २०१४ साली आलेल्या त्या निबंधात ७९ टक्के लोकांच्या रक्तातल्या चरबीत काही ना काही बिघाड होता. पण उंच एलडीएल १२ टक्क्यांनाच होतं. कमी एचडीएल ७२ टक्क्यांना आणि जास्त ट्रायग्लिसराइड जवळपास ३० टक्क्यांना होतं. अशा रक्तात एलडीएलचे कण लहान आणि संख्येने जास्त असतात, त्यामुळे एलडीएलचा आकडा साधा दिसला तरी धोका साधा नसतो. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून येणारा आकडा, किंवा परवडत असेल तर अपोबीची तपासणी, आपल्याला अधिक खरं सांगते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं, की दिसायला बारीक भारतीयाच्या अंगात त्याच वजन-उंचीच्या युरोपीय माणसापेक्षा चरबी कितीतरी जास्त असते आणि तिची सुरुवात गर्भातच होते. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ५२ देशांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातली दक्षिण आशियाची माहिती मांडली. पहिल्या झटक्याचं मध्यक वय इतर देशांत जवळपास ५९ होतं, आपल्याकडे ५३. हा सहा वर्षांचा फरक ‘वयाच्या मानाने’ हे शब्द इथे आणखी पोकळ करतो.

वयाबरोबर जवळजवळ न बदलणारी चरबीही एक आहे. लायपोप्रोटीन(ए) हा एलडीएलसारखाच पण जास्त त्रासदायक कण. त्याची पातळी जनुकांनी ठरते, लहानपणीच पक्की होते आणि बायकांत पाळी गेल्यावर थोडी वाढते इतकंच. दर पाच माणसांमागे एकात ती जास्त असते. म्हणून ही तपासणी आयुष्यात एकदा केली तरी बहुतेकांना पुरते, पण ती एकदा तरी करायला हवी.

आता उताराकडे येऊ. सत्तरीनंतर सरासरी कोलेस्टेरॉल घटतं आणि इथे अभ्यासांचे निष्कर्ष पहिल्या वाचनात गोंधळात टाकतात. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली ५,२०९ स्त्री-पुरुषांचा पाठपुरावा सुरू झाला. तिथल्या तीस वर्षांच्या नोंदींवरचा निबंध १९८७ साली आला. पन्नाशीच्या आत कोलेस्टेरॉल जितकं जास्त तितके मृत्यू जास्त, हे त्यात स्पष्ट होतं. पन्नाशीनंतर एकूण मृत्यूंशी हा संबंध दिसला नाही. उलट ज्यांचं कोलेस्टेरॉल आपोआप घटत गेलं, त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यू अधिक होते. वर्षाला १ने घट झाली, तर मृत्युदर ११ टक्क्यांनी जास्त. नेदरलँड्समधल्या लायडन इथे ८५ वर्षांवरच्या ७२४ लोकांमध्ये कोलेस्टेरॉल ३९ने जास्त असलेल्यांचा मृत्युदर १५ टक्क्यांनी कमी निघाला. कर्करोग आणि संसर्गाने होणारे मृत्यू त्यांच्यात कमी होते. होनोलुलूतल्या ७१ ते ९३ वयाच्या जपानी वंशाच्या पुरुषांमध्येही, ज्यांचं कोलेस्टेरॉल वीस वर्षांच्या अंतराने दोन्ही वेळा कमी होतं, ते अधिक लवकर गेले.

यावरून ‘म्हातारपणी कोलेस्टेरॉल चांगलं’ असा प्रचार होतो. तो घाईचा आहे असं मला वाटतं. यकृत पुरेसं बनवू शकत नाही, जेवण जात नाही, स्नायू झिजतात, शरीरात कुठेतरी दाह किंवा गाठ वाढत असते, तेव्हा कोलेस्टेरॉल उतरतं, आणि आजाराचं निदान होण्याच्या कितीतरी आधी उतरू शकतं. मग कमी आकड्याने माणूस आजारी पडतो असं दिसतं, प्रत्यक्षात आजाराने आकडा कमी केलेला असतो. शिवाय ज्यांचं कोलेस्टेरॉल फार जास्त होतं आणि ज्यांच्या धमन्यांना ते सोसलं नाही, त्यातले पुष्कळजण सत्तरीपर्यंत पोचलेलेच नसतात. ऐंशीच्या पुढे तपासायला उरतात ते वेगळे, चिवट लोक. आकड्यांचा उतार काही अंशी या गाळणीचाही असतो.

हृदयविकाराचे मृत्यू वेगळे काढले की चित्र स्वच्छ होतं. ६१ अभ्यासांतल्या जवळपास ९ लाख प्रौढांची माहिती एकत्र करून २००७ साली प्रसिद्ध झाली. एकूण कोलेस्टेरॉल ३९ने कमी असलेल्यांत हृदयधमनीच्या आजाराचे मृत्यू चाळिशीत निम्म्याहून कमी, पन्नास ते सत्तरच्या दरम्यान एकतृतीयांशाने कमी आणि सत्तर ते नव्वदमध्ये एकषष्ठांशाने कमी होते. टक्केवारीतला फरक वयाबरोबर आटतो. पण सत्तरीनंतर असे मृत्यू मुळातच इतके जास्त असतात की एकषष्ठांश म्हणजेही पुष्कळ माणसं होतात. कोपनहेगनमधल्या ९१ हजारांहून अधिक लोकांच्या २०२० सालच्या अभ्यासातही सत्तर ते शंभर वयात एलडीएल जास्त म्हणजे झटक्याचा धोका जास्त, असंच निघालं.

औषधाचा प्रश्न यापुढचा. २००२ साली ‘प्रॉस्पर’ चाचणीत ७० ते ८२ वयाच्या ५,८०४ लोकांना प्रावास्टॅटिन हे स्टॅटिन किंवा खोटी गोळी दिली, आणि स्टॅटिन घेणाऱ्यांत हृदयधमनीच्या आजाराचे मृत्यू २४ टक्क्यांनी घटले. २०१९ साली २८ चाचण्यांची एकत्र पाहणी झाली, तीत पंचाहत्तरी ओलांडलेले १४ हजारांवर लोक होते. ज्यांना आधी झटका किंवा पक्षाघात झाला आहे, त्यांना स्टॅटिनचा फायदा या वयातही होतो, हे तिथे स्पष्ट झालं. ज्यांना तसं काहीच झालेलं नाही, अशा पंचाहत्तरीपुढच्या माणसांसाठीचा पुरावा तिथे कमकुवत होता. त्यासाठीच ऑस्ट्रेलियात ‘स्टारी’ आणि अमेरिकेत ‘प्रिव्हेंटेबल’ या मोठ्या चाचण्या हाती घेण्यात आल्या. जपानमध्ये याच वयोगटात इझेटिमाइब या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या दुसऱ्या औषधाने २०१९ साली फायदा दाखवला. तेव्हा झटका येऊन गेलेल्या आजोबांची गोळी ‘आता वय झालं’ म्हणून घरच्या घरी बंद करू नये. आणि पंच्याऐंशीच्या, बारीक, अनेक गोळ्या घेणाऱ्या, निरोगी हृदयाच्या आजीला नुसत्या आकड्यावरून नवी गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांनी तिच्याशी आणि घरच्यांशी नीट बोलावं.

एचडीएलबद्दल थोडक्यात. प्रौढपणी ते वयाबरोबर फारसं हलत नाही आणि गोळीने वाढवून उपयोगही झालेला नाही. २००६ साली टॉरसेट्रापिब या एचडीएल वाढवणाऱ्या गोळीची पंधरा हजार लोकांवरची चाचणी मृत्यू वाढल्यामुळे बंद पडली. ‘चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर आहे’ या आधारावर जास्त एलडीएल माफ करायचं कारण नाही.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली भारतासाठी रक्तातल्या चरबीची पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. पहिली तपासणी १८व्या वर्षी, घरात लवकर हृदयविकार असेल तर त्याआधीच, आणि सामान्य माणसाचं एलडीएल १००च्या खाली, असं त्यात सांगितलं आहे. जास्त धोका असलेल्यांना ७० आणि फार जास्त धोका असलेल्यांना ५५. यात वयाची सवलत नाही, आणि ते बरोबर आहे.

तुमच्या घरातले जुने लिपिड प्रोफाइल फेकू नका. तारखेनुसार एका फायलीत लावा आणि डॉक्टरांकडे जाताना फक्त शेवटचा न नेता सगळे न्या. बाईच्या फायलीत शेवटच्या पाळीचं वर्ष लिहून ठेवा, गर्भाशय किंवा बीजांडं काढली असतील तर तेही वर्ष. मुलगा किंवा मुलगी अठराची झाली की तिचा पहिला कागद त्यात लागू द्या. आणि घरातल्या वृद्धाचं कोलेस्टेरॉल गोळी न बदलता, पथ्य न करता दोन वर्षांत बरंच उतरलं असेल, तर आधी त्यांचं वजन करा, ताटात किती उरतं ते बघा आणि त्या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा.